दोन बदामांवर पास

“मी नवा रंग बोलले की तुम्ही गप्प बसायचं नाही. हातात काही असो नसो, पुढे बोलायचं. तुमचाच रंग मी एकाने वाढवला, तर मग खुशाल पास म्हणा.”

औषधवाल्या बाईंनी मला ब्रिज शिकवायला घेतलं, त्या पहिल्या दुपारचं हे सांगणं. हे गेल्यावर घर खायला उठत होतं, म्हणून शेजारणीने मला क्लबात नेऊन बसवलं होतं. पत्ते म्हणजे वेळ दवडणं अशी माझी समजूत. माझा दिवस नेमात बांधलेला. पहाटे उठून देवघर, मग वाचन, आणि साडेसात ते साडेआठ जप आणि मौन. त्या तासात घर पेटलं तरी मी बोलणार नाही, असं मुलगा म्हणायचा. बाईंनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून माझं नाव ‘मौनी’ पडलं.

“तुमचा हा तास मला फार आवडतो, मौनी,” त्या म्हणायच्या. “तेवढा वेळ तरी तुमच्या तोंडून चुकीची बोली येत नाही.”

बाई इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर तीस वर्षं बसल्या होत्या. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने गोळी दिली असं त्यांनी एकदाही केलं नाही. रांग दारापर्यंत गेली तरी फोन उचलायच्या, विचारायच्या, आणि समोरच्याकडून पुन्हा वदवून घ्यायच्या. डॉक्टर वैतागत. बाई म्हणत, “वैतागू देत. त्यांचं वैतागणं कुणाच्या पोटात जात नाही.”

शिकवणंही तसंच. डाव उघडणाऱ्याच्या भिडूने नवा रंग बोलला, की त्याच्या हातात किती दम आहे ते उघडणाऱ्याला कळलेलं नसतं. सहा गुण असतील, सोळाही असतील. म्हणून तिथे थांबायचं नाही. ती बोली फोर्सिंग. उघडलेलाच रंग एकाने वाढवला, तर आपला हात साधाच आहे असं भिडूने सांगून टाकलेलं असतं. तिथे थांबलं तरी चालतं. हे मला पाठ झालं. चार वर्षं आम्ही एकमेकींच्या समोर बसलो आणि क्लबात आमच्या जोडीला लोक बिचकू लागले.

घोळ झाला तो मधल्या बोलीने. मी डाव उघडला, विरोधकाने मध्येच आपला रंग बोलला आणि मग बाईंनी नवा रंग बोलला, तर? आमच्या रिवाजाप्रमाणे तेही फोर्सिंगच. पण मला त्याची धास्ती वाटायची. माझा हात बेताचा असायचा, आणि पुढे बोलावं लागल्यावर आम्ही उगाच वर चढून आपटायचो. काही जोड्या तिथे थांबायची मुभा ठेवतात हे मी ऐकलं होतं. क्लबाच्या संघस्पर्धेतल्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी घरी परतताना मी बाईंकडे विषय काढला.

“उद्या सामना आणि आज बदल?” त्या म्हणाल्या. “विचार करते. सकाळी फोन करते.”

प्रत्येक जोडीचं ठरलेलं काय ते लिहिलेलं एक कार्ड असतं. एक आपल्याकडे, एक भिडूकडे, दोन्ही सारखी. मी घरी आले आणि बाई हो म्हणणारच असं धरून माझ्या कार्डावर त्या बोलीपुढचा ‘फोर्सिंग’ हा शब्द खोडला. वर पेन्सिलीने ‘फोर्सिंग नाही’ असं लिहिलं. नको म्हणाल्या तर खोडता येईल, म्हणून पेन्सिल.

सकाळ झाली. माझ्या लेखी फोन आला नाही.

सामन्यात तो हात आला तेव्हा आम्ही पुढे होतो. माझ्याकडे बारा गुण, बदामाची दोनच पानं. मी एक किलवर बोलले. डावीकडच्या गृहस्थांनी एक इस्पिक. बाईंनी दोन बदाम. उजवीकडच्यांनी मला विचारलं, “वहिनी, हे फोर्सिंग आहे का?” भिडूच्या बोलीचा अर्थ आपणच सांगायचा असतो. मी म्हटलं, “नाही.” त्यांनी पास म्हटलं. मीही म्हटलं.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. भिडूने चुकीचा अर्थ सांगितला, तर पहिलं पान पडायच्या आत पंचांना बोलावून दुरुस्त करायचं, हा नियम. त्यांनी हात वर केला.

“माझ्या भिडूने सांगितलेलं बरोबर नाही,” त्या पंचांना म्हणाल्या. “आमच्यात ही बोली फोर्सिंग आहे.”

पंचांनी दोन्ही कार्डं मागितली. एकावर एक, दुसऱ्यावर दुसरं.

“आपलं बदलायचं ठरलं होतं,” मी म्हटलं.

“ठरलं नव्हतं. मी सकाळी फोन केला होता. जुनंच ठेवू म्हणाले. तुमचा हो आला.”

“किती वाजता?”

“आठच्या सुमाराला.”

आणि मग मी जे बोलले ते आवाज न चढवता बोलले. माझा आवाज चढत नाही, त्याचंही लोक कौतुक करतात. मी म्हटलं, “बाई, आठला मी मौनात असते. हो कशी म्हणेन?”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. क्लबाचे चिटणीस मागेच उभे होते. ते म्हणाले, “बाई, ह्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. तुम्हालाच भास झाला असेल. वय होतंय आपलं सगळ्यांचं.”

पंचांनी खेळ पुढे चालू ठेवायला सांगितलं. मी पानं मांडली, त्यांनी रीतीप्रमाणे “आभारी आहे, भिडू” म्हटलं आणि शांतपणे खेळून बारा हात केले. दोनच्या बोलीला आठच लागतात, वरच्या चारांना फारसं मोल नाही. संघांच्या सामन्यात तीच पानं दुसऱ्या टेबलावरही खेळतात; तिथे समोरच्या संघाने सहा बदाम बोलून तेच बारा हात केले होते. सामना तिथे गेला.

सामन्याचं काही नाही. पण औषधाच्या खिडकीवरच्या बाईंना भास होतात, ही गोष्ट आठवडाभरात सगळीकडे झाली. “आज फोन केलात का, बाई?” असं लोक गमतीने विचारू लागले. दोन बुधवार त्या आल्या. तिसऱ्या बुधवारी आल्या नाहीत, त्या कायमच्याच. मी मनात म्हणायचे, चूक कबूल करायला माणसाला जड जातं. त्यांच्यासाठी मी प्रार्थनाही करत असे. त्या प्रार्थनेची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

याला सहा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात सून मोबाइलवर ब्रिज शिकायला बसली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

“आई, हे काय आहे? मी पास म्हटलं तर हा मला रागावतोय.”

“भिडू काय बोलला होता?”

“मी किलवर, त्या पलीकडच्याने इस्पिक, आणि माझा भिडू बदाम.”

“मग तिथे पास म्हणायचं नाही. नवा रंग आहे तो.”

“असं कसं? मध्ये तो दुसरा बोललाय ना?”

मी हसले आणि तिला त्या दिवसाची गोष्ट सांगितली. घरी ती कधी सांगितलीच नव्हती. हरल्याचं काय सांगायचं. सांगता सांगता मी म्हटलं की बिचाऱ्या बाईंना फोन केल्याचा भास झाला होता.

सुनेने मोबाइल खाली ठेवला.

“पण फोन आला होता, आई.”

“कधी?”

“त्याच सकाळी. तुम्ही जपाला बसला होतात. बाई म्हणाल्या, मध्ये कुणी बोललं तरी जुनंच ठेवू, एवढं सांग. मी देवघराच्या दारात येऊन सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. मी फोनवर सांगितलं, कळलं म्हणून. तर त्या म्हणाल्या, कळलं नको, हो की नाही ते विचारून ये. मी परत आले. हो सांगू का विचारलं. तुम्ही परत मान हलवलीत. मला तर हसू आलं होतं, एवढ्याशा निरोपाला दोन फेऱ्या.”

माझ्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. मला दारातली सून आठवेना. मान हलवल्याचं आठवेना. जपात माझी मान एका लयीत हलते, हे मात्र मला ठाऊक आहे. नातवंडं नक्कल करतात. ती लय होती की होकार होता, ते आता देवालाच माहीत.

“तू तेव्हा बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंच नाहीत. मला काय माहीत, त्यावरून एवढं झालं ते?”

खरंच होतं. त्या संध्याकाळी घरी येऊन सुनेला एवढंच विचारायचं होतं, सकाळी कुणाचा फोन होता का. मी विचारलं नाही. मौनात मी चुकू शकते हे माझ्या मनातही आलं नाही. जी बाई परक्याच्या गोळीसाठी दोनदा विचारायची, तिच्याबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला.

“बाई, मी मौनी बोलतेय.”

“बोला.”

“सुनेने काल सांगितलं मला. तुमचा फोन आला होता.”

“आला होताच. मीच केला होता.”

“माझं चुकलं.”

“मला वाटलं होतं, त्या रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी तरी घरात विचाराल. आठ दिवस फोनपाशी बसले होते.”

मग त्यांनीच विचारलं, “खेळता का अजून?”

“बुधवारी जाते. तुम्ही?”

“मोबाइलवर, यंत्राशी. ते चुकतं. पण मला भास होतात असं म्हणत नाही.”

“मी भेटायला येऊ का?”

“कशाला? फोन केला होता हे मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. चिटणीस आहेत ना अजून?”

“आहेत. पंच गाव सोडून गेले.”

“मग जे आहेत त्यांना.”

“सांगते. या बुधवारी, खेळ सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर. शब्द देते. तुम्ही याल?”

“नाही. गुडघ्यांना तुमच्या क्लबाचे जिने झेपत नाहीत.” मग म्हणाल्या, “झेपले असते तरी नसते आले, मौनी.” आणि फोन ठेवला.

आज बुधवार. सून म्हणाली, “मी येऊ का बरोबर? फोन मीच घेतला होता असं सांगते.”

“नको. मान माझी हलली होती.”

“निदान आज नवीन भिडू तरी शोधा तिकडे.”

“आज खेळायला जात नाहीये मी.”

तिने पाण्याची बाटली पिशवीत सरकवली. क्लबात तीनला पानं वाटतात. चिटणीस अडीचला येऊन टेबलं लावतात. मी सव्वादोनला चपला घातल्या आणि दार ओढून घेऊन जिना उतरले.