नुसतीच शाई

मित्रांनो, मी एक जुना मार्कर पेन आहे, जांभळ्या शाईचा. आता माझ्यातली शाई वाळली आहे, टोपणालाही चीर गेली आहे. पण एक दिवस आठवला की मला आजही धस्स होतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, शाळेत जाईन, नकाशे रंगवीन. पण माझी रवानगी झाली पोलिओच्या लसीच्या पेटीशेजारी. बर्फात बसलेल्या त्या इवल्याशा बाटलीपुढे मी अगदीच किरकोळ होतो. ती लस तयार करण्यात कितीतरी शास्त्रज्ञांची हयात गेली होती. माझं काम एवढंच, की थेंब घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीवर खूण करायची.

आमच्या केंद्रावर दोन नर्सबाई होत्या. मोठ्या बाई थेंब पाजायच्या, धाकट्या बाई शाई लावायच्या. मोठ्या बाईंच्या एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट होता. त्या लहान होत्या तेव्हा त्यांच्या गल्लीत लस पोचलीच नव्हती. बूट वाजायचा म्हणून मुलं त्यांना टकटकबाई म्हणत. त्या हसून म्हणायच्या, "बरंच आहे, दार वाजवायला नको." धाकट्या बाईंना मात्र रोज बजावायच्या, "आधी थेंब, मग शाई. विसरू नकोस गं."

एका रविवारी खूप गर्दी झाली. रांग भराभर सरकावी म्हणून धाकट्या बाईंनी सहा मुलांच्या करंगळ्या आधीच रंगवल्या. पाच मुलांना थेंब मिळाले आणि बाटली संपली. मोठ्या बाई दुसरी बाटली काढायला पेटीकडे वळल्या, तेवढ्यात सहावी मुलगी आजीचं बोट धरून निघून गेली. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी तर खूण छान उमटली म्हणून खुशीत होतो.

दोन दिवसांनी आम्ही घरोघरी फिरत होतो. एका दारात तीच मुलगी करंगळी नाचवत आली. "माझं झालं!" धाकट्या बाईंनी दारावर खूण करायला खडू उचलला. तेव्हा तिने विचारलं, "पण ते थेंब कसे लागतात?"

"म्हणजे? तू घेतलेस ना?"

"नाही. मला नुसती शाई दिली."

"काहीतरीच बोलते," आजी म्हणाली. "बोट रंगलंय की."

धाकट्या बाईंच्या हातातला खडू पडला. माझी खूण खोटं बोलली होती, आणि आजीने त्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. पायरीवर बसत म्हणाल्या, "मान वळवली मी. चूक दोघींची. असं किती वेळा केलंस?"

"तीनदा... चारदा," धाकट्या बाई पुटपुटल्या.

मोठ्या बाईंनी एकदा आपल्या बुटाकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाल्या, "आ कर." दोन थेंब आत गेले.

"शी, कडू आहे," मुलगी म्हणाली. जुन्या खुणेवर मला पुन्हा टेकवलं. ती खूण आता खरी झाली.

त्या दिवशी आम्ही तपासून झालेली सगळी दारं पुन्हा वाजवली. करंगळी कुणाचीच पाहिली नाही, चव विचारली. संध्याकाळपर्यंत आणखी दोन मुलं सापडली. दोघांच्याही करंगळ्या जांभळ्या होत्या.

मित्रांनो, तुमचं धाकटं भावंड रंगलेली करंगळी मिरवत घरी आलं, तर त्याचं कौतुक जरूर करा. पण त्याआधी विचारा, थेंब कसे लागले?