शेवटचं कडवं

"एकच कडवं गाळायचंय, आबा. बाकी गाणं तसंच," मुलगा राजदीप मेलबर्नहून फोनवर म्हणाला.

"कोनतं?" झिपरू आबांनी विचारलं. खरं तर त्यांना ते कळलं होतं.

"शेवटचं. बाबासाहेबांचं नाव आहे ते."

धुळ्याच्या पाणीपुरवठ्यात पस्तीस वर्षं पंप दुरुस्त करून आबा निवृत्त झाले होते. असा माणूस गाणं रचणार ते पाण्यावरच. पाणी सगळ्यांचं, अशा अर्थाची तीन कडवी. दोन महिने दर रविवारी फोनवरून त्यांनी ती नातीला, मृणालीला, शिकवली. एरवी मराठीत अडखळणारी पोर ती खणखणीत म्हणायला लागली. तिथल्या नगरपालिकेच्या मेळ्यात ती गाणार होती. मेळा म्हणे सगळ्या संस्कृतींचा, पण एका देशाला तंबू एकच. आणि भारताच्या तंबूत काय चालेल ते तिथलं भारतीय मंडळ ठरवणार. मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र, आपल्या फैजपूरचा.

"मंडळ म्हणतं, राजकारण नको."

"पानीना गानामा राजकारन कोठे शे रे?" आबांचा पारा चढला. "तूच सांगस ना, तठे कार्यक्रमना आधी त्या जमीनना मूळ लोकेस्नं नाव लेतस. ते चालस?"

"ते नगरपालिका करते, आबा. मंडळात आपलेच लोक आहेत." राजदीपने आवाज खाली आणला. "घर हितेंद्रनेच मिळवून दिलंय. रोज तोंड बघायचं असतं."

"मंग ऱ्हाऊ दे. बठ्ठं गानंच ऱ्हाऊ दे."

फोन ठेवल्यावर आबांना स्वतःचाच राग आला. आपल्या हट्टापायी पोरीची हौस मेली. पण ते नाव वगळून गाणं म्हणायचं म्हणजे मोटार काढून पंप चालवायचा. ते त्यांच्याच्याने होणारं नव्हतं.

मेळ्याच्या रविवारी दुपारी मृणालीचा व्हिडिओ कॉल आला.

"आबा, आम्ही गेलोच नाही. तुम्हाला म्हणून दाखवू? सगळं?"

"म्हन, माय."

ती उठली. आधी खोलीचं दार लावून आली, खिडकीही ओढून घेतली.

"दार कसाले लावस?"

"पप्पा म्हणाले, हे गाणं घरात म्हणायचं, हळू. शेजारी हितेंद्रकाका राहतात ना."

साठ वर्षांपूर्वी गावात आबांचा बाप बाबासाहेबांची गाणी असाच दार लावून, दबक्या आवाजात गायचा. एवढा समुद्र ओलांडून पोरगा पुन्हा तिथेच जाऊन पोचला होता.

ते उठले. आपल्या घराचं दार त्यांनी सताड उघडलं, फोनचा आवाज होता तेवढा वाढवला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. समोर नळावर बायांची गर्दी होती.

"आते म्हन," ते म्हणाले.