निरोगी माणसाचं रक्त

"सर, नळीभर रक्त द्या फक्त. पेशंटचं फुप्फुस उद्या दगा देणार का, ते मी आज सांगतो. माझी टेस्ट चुकत नाही म्हणजे नाहीच!" धाकट्या डॉक्टरांनी छाती फुगवून सांगितलं आणि तोंडात आणखी एक वेलची टाकली. वॉर्डात त्यांना सगळे 'ज्योतिषी' म्हणायचे, ते काही उगाच नाही.

चार नंबरच्या आजींचा जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. आजी बोलत होत्या, नर्सना चिडवत होत्या. पण ज्योतिषांचं म्हणणं वेगळं. आजींची फुप्फुसं कधीही पाणी धरतील, त्यांना आत्ताच आयसीयूत हलवायला हवं. तिथे खाट एकच रिकामी, आणि ती द्यायची की नाही हे विभागप्रमुख सरांच्या हातात.

"आधी टेस्ट सिद्ध कर. तुलनेला निरोगी माणूस लागतो ना? घे माझं रक्त!" सरांनी बाही सरसावली. "घोड्यासारखा आहे मी. सिगारेट सोडून तीन वर्षं झाली, विचार तुझ्या मॅडमना."

मॅडम म्हणजे सरांच्या पत्नी, आणि लॅबच्या प्रमुखही. नळ्यांवर नुसते नंबर होते. दुपारी त्या तडक वॉर्डात आल्या.

"फुप्फुसाला इजा झाली की एक प्रथिन रक्तात झिरपतं. ते दोघांचंही वाढलंय. एक चार नंबरच्या आजी. दुसरा कोण? त्या बिचाऱ्याला आधी आडवं करा!"

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. ज्योतिषांची वेलची घशात अडकली.

"बघ!" सर खूश. "मी इथे ठणठणीत, आणि तुझी टेस्ट मला व्हेंटिलेटरवर घालायला निघालीय! नापास! आजी इथेच राहतील."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "सिगारेट ओढणाऱ्यांचंही हे प्रथिन वाढतं. तेव्हा अहो, खोटं कोण बोलतंय? टेस्ट की तुम्ही?"

सर कात्रीत सापडले. नाही म्हणावं तर आजी वॉर्डातच राहणार, हो म्हणावं तर घरी महाभारत.

"अरे, भांडण नंतर करा रे," खाटेवरून आजी म्हणाल्या. "मला जरा धाप लागतेय."

सरांनी आजींकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग चपलांकडे.

"गच्चीवर," ते पुटपुटले. "जेवणानंतर. एकच."

"एकच?"

"चार! पण आजींना हलवा आधी!"

आजी हलल्या. संध्याकाळी फुप्फुसांनी खरंच कुरकुर केली, पण ऑक्सिजन तयारच होता. आठवड्याभरात आजी उठून बसल्या आणि दवाखान्याच्या चहाला नावं ठेवू लागल्या. सरांनी टेस्टला परवानगी दिली, ज्योतिषी हवेत तरंगू लागले.

"आता तुलनेला दुसरा निरोगी माणूस हवा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ज्योतिषांचाच दंड धरला. सर अचानक खिडकीबाहेर बघू लागले. ज्योतिषांनी वेलचीसाठी खिसा चाचपला.

त्यांचा आकडा सरांपेक्षा वर आला.