आगीचा टोल

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. माझ्या अंगावर गंज आहे आणि मनात डूख आहे. गंज पावसाने दिला, डूख एका शाळेने. माझी कहाणी ऐकून मला दुष्ट म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

माझा जन्म सातासमुद्रांपलीकडच्या भट्टीत झाला. कर्जतला घाटाच्या पायथ्याशी मी कितीतरी वर्षे आगगाड्या अंगावरून जाऊ दिल्या. एका उन्हाळ्यात मला तडा गेला, तेव्हा साहेबाने मला कापून कडेला फेकले. लाइनीवर काम करणाऱ्या येसाजीने साहेबाच्या हातापाया पडून मला मागून घेतले आणि गड्यांच्या खांद्यावरून आपल्या गावी आणले. गाव कडावच्या पलीकडचे. त्याचे नाव मी सांगणार नाही, ते तोंडी घ्यावे अशी त्याची लायकी उरली नाही.

येसाजीने मला चावडीसमोरच्या चिंचेला टांगले ते आगीसाठी. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतात पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. त्याला राब भाजणे म्हणतात. त्या भाजलेल्या जमिनीत भाताचे बी पडते. पण वारा फिरला की ठिणगी गवती छपरावर आलीच म्हणून समजा. मग माझ्यावर टोल पडत, आणि जेवणारा माणूस घास ताटात टाकून धावे. घर कोणाचे, हे धावताना विचारायचे नाही, असा गावचा रिवाज. एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊबंदही शेजारी उभे राहून घागरी पुढे देत. तेव्हा माझा काय मान होता! दसऱ्याला मला झेंडूची माळ पडे.

पुढे येसाजी वारला आणि चावडीत शाळा आली. त्र्यंबक मास्तरांनी मला शाळेच्या कामाला जुंपले. शाळा भरली, ठोका. शाळा सुटली, ठोका. उठसूट वाजणाऱ्या टोलाकडे गाव कशाला लक्ष देईल? पोरांना तर मास्तरांनी बजावलेच होते, “टोल झाला की जागेवर बसायचे. उठेल त्याची पाठ सोलून काढीन.”

येसाजीची बायको बायजा हिने आपला नातू पोपट स्वतः हात धरून शाळेत घातला. “शिकला तर मानूस हुईल,” असे ती शेजारच्या भागूबाईला सांगायची. पोपट हुशार निघाला. म्हातारीला केवढे कौतुक!

मग चैत्रात तो दिवस आला. शाळेत डिपुटीसाहेब तपासणीला आले होते. मोठी माणसे दूर माळावर राब भाजत होती. वारा फिरला आणि बायजाच्या छपराने पेट घेतला. दावणीला म्हैस होती. ती सोडायला बायजा थांबली नाही, ती आधी माझ्याकडे धावली. शाळा हाकेवर, ओढा शाळेला लागून. टोल ऐकून पोरे येणार, याची तिला खात्री होती. तिने मला असे बडवले की चिंचेची फांदी हलली.

एकही पोर उठले नाही.

मास्तर बाहेर आले. “कोणाचे घर?”

“माजं, मास्तर! पोरांना सोडा, म्हस बांदलेली हाय!”

“तुझे ना? मग पाटलाकडे जा. आत साहेब आहेत.”

आत पाठ चालला होता. पाठ कशाचा? परोपकाराचा! वर्गातला मोरू तो खणखणीत आवाजात म्हणत होता आणि खिडकीतून धूर आत येत होता. साहेबांनी शिस्तीची तारीफ केली. म्हैस ओरडायची थांबली, तोवर पाठ संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा, भागूबाई आणि तिची सून ठकी मला दोरासकट काढून घेऊन गेल्या. मला जळक्या घराच्या उरलेल्या खांबाला टांगले. किती गोड वाटले मला! मास्तर धावत आले. टोल सरकारी आहे म्हणाले.

“तुमची शाळा बंद पडली ना? मंग पाटलाकडं जा,” बायजा म्हणाली.

पाटील कुठल्या तोंडाने येणार? त्यांचेही पोर आत बसलेले. शेवटी मास्तरांनी पोरांनाच टोल मागायला धाडले. बायजाने त्यांना राखेत उभे केले. आयाबाप बघत होते. ती एकेकाला विचारत गेली. टोल ऐकलास? ऐकला. धूर बगितलास? बगितला. मंग का नाय आलास? मास्तर बस म्हनले.

शेवटी पोपट उरला.

“तुला तर ठावं व्हतं रं, घर कुनाचं ते.”

पोपट खाली मान घालून म्हणाला, “आजे, मोरूच्या मागनं माजी पाळी व्हती. पाठ म्हनायची.”

बायजाने हात उगारला नाही. रडलीही नाही. “मंग म्हन की आता,” ती म्हणाली.

पोपटने सुरुवात केली. अर्ध्यावर तो अडला.

“फुडं म्हन.”

पुढचे त्याला येत होते, मित्रांनो, अक्षर न् अक्षर येत होते. पण तोंडातून शब्द निघेना. आणि बायजा त्याला हलू देईना. ऊन डोक्यावर आले तरी ती तेच म्हणत राहिली.

शाळेला पुढे पितळी घंटा आली. मी इथेच आहे. माझा गंज काढू नका, मला माळ घालू नका. तुमच्या परीक्षांत तुम्ही किती गुण मिळवता, तेही मला सांगू नका. कोणी हाक मारली तर उठत जा, एवढेच सांगणे आहे. त्या पोरांना मात्र मी माफ केलेले नाही.