माझी तपासणी झाली, धर्माशेठची राहिली

मी एक जुनं, दोन माणसांचं विमान आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, आज माझं डोकं फिरलेलं आहे. शेणव्याच्या पुढे माळावर एक छोटी खासगी धावपट्टी आहे. तिच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा असतो. माझं पुढचं चाक नवं आहे, पंखा नवा आहे, पोटाला नवा पत्रा लावलेला आहे. येणारा जाणारा मला बघून म्हणतो, याच विमानाने घात केला होता ना? हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पंख वेगळे, धड वेगळं, असा खोक्यांत बसून मी बोटीने आलो आणि इथे जोडला गेलो. पुष्कळ वर्षं मी एका क्लबात शिकाऊ मुलांना शिकवलं. त्यांनी मला जमिनीवर आपटलं, ब्रेक करकचून दाबले, उतरताना बेडकासारख्या उड्या मारायला लावल्या. मी सगळं सहन केलं. शिकताना माणूस चुकणारच. मला राग येतो तो एकदा शिकलं की झालं, असं मानणाऱ्यांचा.

पुढे मला धर्माशेठने विकत घेतलं. भिवंडीकडे त्याची गोदामं आहेत. माणूस दिलदार आणि हौसेला मोल नसलेला. पन्नाशीला आल्यावर उडायला शिकला आणि खरं सांगतो, छान शिकला. त्याला शिकवलं आसनगावच्या भाग्यश्रीने. ती वयाने त्याच्या मुलीएवढी, पण माझ्यात बसली की तिच्यापुढे धर्माशेठची बोलती बंद व्हायची. कधी ती उडता उडता इंजिनाचा जोर एकदम कमी करायची आणि विचारायची, आता कुठे उतरणार? कधी माझ्या सगळ्या काट्यांवर टॉवेल टाकायची आणि म्हणायची, आता नुसतं बाहेर बघून उडवा. धर्माशेठ घामाघूम व्हायचा, पण उडवायचा.

परवाना हातात आला त्या दिवशी भाग्यश्रीने त्याला बजावलं होतं. "दर सहा महिन्यांनी एक दिवस माझ्याबरोबर उडायचं. जे रोज लागत नाही, तेच हात आधी विसरतो."

पहिल्या वर्षी तो आला. दुसऱ्या वर्षी घरात हळदी आणि लग्नं होती. तिसऱ्या वर्षी भाग्यश्रीने फोन केला तर हसून म्हणाला, "मॅडम, लहानपनी खाडीत पोहायला शिकलो, ते आजपावतं इसरलो नाय. ह्ये कसं इसरंन?" त्यानंतर तिने पुन्हा पुन्हा विचारलं आणि त्याने पुन्हा पुन्हा पुढचा महिना सांगितला. कधीमधी रविवारी यायचा, निवांत हवेत माहुलीच्या किल्ल्यापर्यंत एक चक्कर मारायचा आणि खूश होऊन घरी जायचा. कागदोपत्री त्याचं सगळं नीट होतं.

आता गंमत बघा. माझी मात्र दर वर्षी कसून तपासणी व्हायची. इंजिनीअर यायचा, माझं पोट उघडायचा, तेल बदलायचा, एकेक तार ओढून बघायचा. एकदा तर कुठलासा किरकोळ नट जरा ढिला निघाला म्हणून मला महिनाभर उडू दिलं नाही. माझ्या नटाची एवढी काळजी आणि मला चालवणाऱ्या हातांकडे कोणी बघायला तयार नाही. मला तोंड असतं तर मी शेड डोक्यावर घेतली असती.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. धर्माशेठच्या घरी दसऱ्याला गाडीपासून कोयत्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. मला तर घरातल्या मुलासारखं सजवतात. नाकावर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, समोर नारळ. माझ्या डाव्या अंगाला एक गोल चकती आहे आणि तिच्या मधोमध बारीक भोक आहे. त्या भोकातून आत जाणाऱ्या हवेवर माझा उंचीचा काटा आणि वेगाचा काटा चालतो. धर्माशेठच्या बायकोला, वत्सलाबाईला, ती चकती कपाळासारखी वाटली. तिने तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्याने तिथे छान दाबून लावलं आणि वर अक्षता चिकटवल्या. तिचा काय दोष? तिने मायेने केलं. उडण्याआधी माझ्याभोवती फिरून त्या भोकावरून नजर फिरवणं हे धर्माशेठचं काम होतं. शिकताना तो प्रत्येक वेळी ते करायचा. त्या दिवशी फोटो काढण्यात ते राहून गेलं.

आणि त्या दिवशी माझ्यात बसणार होती त्याची आई, जनाबाई. तिचं माहेर मुरबाडच्या बाजूला, म्हशाजवळ. वय झाल्यापासून तिकडे जाणं झालं नव्हतं. आईला माहेर वरून दाखवायचं, असं धर्माशेठने मनात घेतलं होतं. नऊवारी सावरत ती माझ्यात चढली, पट्टा बांधून घेतला आणि माझ्या दारावर हात ठेवून नमस्कार केला. मी त्या हाताखाली उभा होतो आणि माझं भोक बुजलेलं होतं. सांगणार कोणाला?

आम्ही उडालो. जमीन खाली गेली, पण उंचीचा काटा जागचा हलला नाही. वर चढू तसा वेगाचा काटा मात्र खाली येऊ लागला. वेग कमी झालेला नव्हता, काटा चुकीचं दाखवत होता. धर्माशेठला वाटलं, विमान पडतंय. त्याने माझं नाक खाली दाबलं. आम्ही पिवळ्या पडलेल्या भाताकडे सुसाट निघालो. जमीन जवळ आली तसा काटा सुधारला, म्हणून त्याने मला वर ओढलं. वर गेलो तसा काटा पुन्हा घसरला. त्याने पुन्हा नाक दाबलं.

भाग्यश्री पूजेला आलेली होती. खाली उभी राहून ती हे बघत होती. तिने रेडिओ उचलला. तिचा आवाज माझ्यात स्पष्ट ऐकू आला.

"धर्माशेठ, काटे खोटे आहेत. त्यांच्याकडे बघू नका. बाहेर बघा आणि नाक सरळ धरा. टॉवेल आठवतो ना?"

त्याला टॉवेल आठवत होता. पण हातांना काही आठवत नव्हतं. मग तिने सांगितलं, समोरची छोटी काळी कळ ओढा. ती कळ ओढली की त्या काट्यांना आतली हवा मिळते आणि ते पुन्हा शुद्धीवर येतात. धर्माशेठचा हात माझ्या समोरच्या फळीवर चाचपडला आणि त्याने ओढली लाल कळ. ती इंजिनाचं इंधन बंद करायची.

माझं इंजिन थांबलं. मित्रांनो, लाल कळ परत आत ढकलली असती तरी मी सावरलो असतो. पण त्याने दोन्ही हातांनी सुकाणूचं चाक घट्ट धरून ठेवलं होतं. त्या शांततेत जनाबाईने त्याला विचारलं, "धर्मा, आता काय करायचं ते म्हाईत हाय ना रे तुला?"

मी भाताच्या खाचरात उतरलो. उतरलो कसला, आदळलो. पुढचं चाक बांधाला लागून मोडलं, नाक चिखलात गेलं. जनाबाईचं मनगट मोडलं आणि कपाळाला टाके पडले. जीव वाचला. धर्माशेठला साधं खरचटलंही नाही.

पुढे चौकशी झाली. माझा स्क्रू न् स्क्रू काढून बघितला. भोकात कुंकवाचा गोळा आणि एक तांदळाचा दाणा निघाला. धर्माशेठला काय धडा मिळाला असेल, सांगा बघू. त्याने घरी फर्मान काढलं, पुढच्या वर्षीपासून कुंकू फक्त नाकावर. बस, एवढंच. वर माझ्यावर पनवतीचा शिक्का मारला आणि नवं कोरं चार आसनांचं विमान आणलं. त्यात काट्यांच्या जागी टीव्हीसारखे मोठे पडदे आहेत. तो सगळ्यांना सांगत सुटला की याच्यात चूक होऊच शकत नाही. भाग्यश्रीने ते विमान शिकायला बोलावलं, तर विकणाऱ्याच्या माणसाने दाखवलंय म्हणाला.

आज पुन्हा दसरा, सकाळी ते नवं विमान हार घालून बाहेर उभं होतं. धर्माशेठ, वत्सलाबाई आणि जनाबाई, तिघं म्हशाकडे निघाली होती. जनाबाई मोटारीतून उतरली, नव्या विमानाजवळून सरळ पुढे गेली आणि शेडमध्ये येऊन माझ्यात बसली. एका हाताने तिला पट्टा बांधता येईना. मनगट अजून नीट वळत नाही.

धर्माशेठ धावत आला. आये, हे विमान आता कोनी उडवत नाय, तिकडं चल, म्हणून विनवू लागला. ती ढिम्म. शेवटी तो वैतागून म्हणाला, मला विमान चालवायला येतं, परवाना आहे माझ्याकडे.

"येत व्हतं," जनाबाई म्हणाली. "मी बाजूला बसलेली ना, मी बघलाय. आता येतं का नाय, ते त्या पोरीला इचार. तिनं व्हय सांगलं तर मी येन. तवर मी हितंच बसनार."

मग त्याने भाग्यश्रीला फोन लावला. ती म्हणाली, एका दिवसात होणार नाही, पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. तो हो म्हणाला. ते ऐकूनही जनाबाई खाली उतरली नाही. आधी शिक, म्हणाली.

मित्रांनो, मला पुसू नका, मला हार घालू नका. माझ्यावर गंज चढला तर कोणालाही दिसतो. तुमच्या हातांवर चढलेला तुम्हाला दिसत नाही आणि तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला तो फार उशिरा दिसतो. तुम्ही जे काही चालवत असाल, त्यात कोणी आपलं माणूस बसण्याआधी वर्षातून एकदा तरी एखाद्या जाणत्याला शेजारी बसवा आणि त्याला म्हणा, माझं काय चुकतंय ते बघ.