हाड, हाड

"हाड!"

बाहेरच्या खोलीतून पुन्हा तोच शब्द आला आणि जुना स्वेटर उसवणारी सुनंदाची बोटं थांबली. लोकरीचा धागा तसाच ताणून धरून ती दाराच्या फटीशी सरकली. पेटीचा एक सूर लांबत होता. सतरंजीवर आठ वर्षांची कल्याणी मान खाली घालून बसली होती. आण्णाप्पा मास्तरांचा एक हात भात्यावर होता, दुसरा हवेत.

"हाड," मास्तर म्हणाले. मग जरा जोरात, "हाड, हाड!"

आज सकाळीच सुनंदाने हा शब्द वापरला होता. मागच्या अंगणात व्यालेली भटकी कुत्री स्वयंपाकघरात तोंड घालत होती, तिच्यावर.

कल्याणीने सूर लावला, पण सुनंदाचं त्याकडे लक्षच गेलं नाही. तिला मुलीचे खांदे तेवढे दिसत होते. ते थरथरताहेत की काय, हे ती बघत होती.

सहा महिन्यांपूर्वी नवऱ्याची, उपेंद्रची, बेळगावच्या टपाल कचेरीत बदली झाली आणि सांगली सोडून तिघं इकडे आली. कल्याणी पहिल्यापासून बोलताना अडखळायची. नव्या शाळेत तिने बोलणंच सोडलं. वर्गातल्या मुली तिची नक्कल करत. गाण्याने जीभ सुटते, असं सुनंदाने एका मासिकात वाचलं होतं. कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली बाई. छापलेल्या अक्षरावर तिचा विश्वास होता. म्हणून धारवाडकडचे हे मास्तर. मराठी कामापुरती बोलत आणि पेटीवर बसले की तेवढीही नाही. महिन्याला पाच रुपये. लढाईच्या महागाईत ते कुठून काढायचे, म्हणून तिने घरातलं दूध निम्मं केलं, वाचनालयाची वर्गणी बंद केली. उपेंद्रने अडवलं नव्हतं. "महिना-दोन महिने बघू," एवढंच तो म्हणाला होता. त्यातला दुसरा महिना आता संपत आला होता.

संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवून ती म्हणाली, "ते मास्तर तिला हाड म्हणतात."

उपेंद्र हसला. "गाण्याचे मास्तर चिडतातच. आमच्या ड्रिलमास्तरांनी तर मला गाढवाशिवाय कधी हाकच मारली नाही."

"तुम्हाला नुसती कवायत शिकायची होती. तिला बोलायला शिकायचंय."

तो बशीत चहा ओतून म्हणाला, "फुकटात कोणी हाड म्हटलं तर सोसावं. पाच रुपये मोजून ऐकून घ्यायचं, हे मात्र महाग पडतंय. तू ठरव."

तू ठरव. सुनंदा रात्रीच्या भाकरीचं पीठ मळत राहिली. पाणी जास्त झालं, तेही तिच्या उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना तिने आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "मास्तर तुला काय म्हणतात गं?"

"ग-ग-गा म्हणतात."

"आणि हाड म्हणतात, ते?"

"त-तेच," कल्याणी म्हणाली.

सुनंदाने पेड जरा घट्टच ओढला. पोर झाकून घेते आहे. शाळेतल्या मुलींचंही तिने असंच दोन महिने झाकलं होतं.

एक तारखेला शिकवणी संपल्यावर सुनंदाने पाकीट पुढे केलं. खरं कारण जिभेवर आलं होतं, पण पिकल्या केसांच्या माणसाला ते तोंडावर कसं म्हणायचं?

"मास्तर, उद्यापासून नको. खर्च झेपत नाही."

मास्तर पेटीवर कापड घालत होते. ते थांबले. पाकिटाकडे न बघता शब्द जुळवत म्हणाले, "पैसे राहू दे, बाई. मुलगी पाठवा. आत्ता जरा... दार उघडायलंय तिचं."

"नको," सुनंदा म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते कोरडं निघालं. "तसं फुकट आम्हाला नको."

त्यांनी पाकीट घेतलं, कल्याणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. कल्याणीने सतरंजीची घडी घालून ती कोपऱ्यात ठेवली. सुटली बिचारी, असं सुनंदाने स्वतःला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मागच्या अंगणात भांडी घासण्याचा आवाज चालला होता. त्यातून आवाज आला, "हाड... हाड..."

न अडखळता. सुनंदा दारात आली. कल्याणी कुत्रीसमोर उकिडवी बसली होती. एक हात हवेत, दुसऱ्याने नसलेल्या पेटीचा भाता हलवत होती. कुत्री शेपूट हलवत तिच्याकडे बघत होती.

"अगं, हाड म्हणतेस आणि लाडही करतेस? मग जाईल कशी ती?"

भांडी घासणारी नागुबाई खळखळून हसली. "जायाला कुठं सांगत्या, वैनी? कुत्रीला गाणं म्हण म्हनत्या ती!"

"काय?"

"कानडीत हाड म्हंजे गा. तुमास्नी ठावं न्हाय व्हय? लई दिस झालं की हितं येऊन!" आणि राखेचा हात कपाळाला लावून ती पुन्हा हसली. "कालिजात एवढं बी शिकवलं न्हाय?"

सुनंदा पायरीवर बसली.

"मी स-सांगितलं होतं," कल्याणी म्हणाली. मग कुत्रीकडे वळून, ती गात नाही म्हणून की काय, तिने स्वतःच सूर लावला. बारीक, सरळ, लांब. सुनंदा तो कुठे तुटेल याची वाट बघत राहिली. तो तुटला नाही. दम संपला तेव्हा थांबला.

दुपारी जेवण झाल्यावर ती मुलीला घेऊन शहापुरात मास्तरांच्या घरी गेली. वाटेत तिने वाक्यं जुळवली, मोडली. खर्च झेपत नाही म्हटलं होतं. आज तो कसा झेपायला लागला? खरं सांगायचं, तर आपण काय समजत होतो तेही सांगावं लागणार. एकेक वाक्य लांबत गेलं आणि सगळी मराठीत होती.

मास्तर पेटीच्या फाटलेल्या भात्याला खळीने कागद चिकटवत बसले होते. तिला पाहून उठू लागले, हाताला खळ, म्हणून नमस्कारही अर्धाच झाला. "या, बाई."

सुनंदा उंबऱ्यातच उभी राहिली. जुळवलेलं एकही वाक्य येईना. तिच्या पदराआड कल्याणी लपली होती. तिला खांद्यांना धरून तिने पुढे घेतलं.

"ह-ह..." सुनंदा म्हणाली. मग श्वास घेऊन, मुलीकडे बघत, "हाड."

मास्तरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कल्याणीकडे. खळीचे हात त्यांनी धोतराला पुसले आणि पेटी पुढे ओढली.