समुद्रतळाची पूर्वतयारी

संस्थान विलीन झालं तेव्हा आमच्या नानांचं दप्तर गेलं, पण दप्तराची खोड काही गेली नाही. धारच्या दरबारात तीस वर्षं दप्तरदारी केलेला माणूस. पेन्शनीत निघाला तरी रोज सकाळी अकराला कोट चढवून बैठकीच्या खोलीत जायचा आणि कामाला लागायचा. काम म्हणजे प्रवासाच्या योजना. एकोणपन्नास साली काश्मीर झालं, एक्कावन्नला जगन्नाथपुरी, त्रेपन्नला गिरनार. झालं म्हणजे कागदावर झालं. प्रत्येक योजनेच्या तीन-तीन प्रती लाल फडक्यात बांधून फडताळात ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात आम्ही मांडवगडाच्या पुढे गेलेलो नाही.

पंचावन्नच्या श्रावणात नानांना समुद्राचा तळ सापडला, आणि त्यात पाप माझंच. मी मुलींच्या शाळेत शिकवते. तिथल्या वाचनालयातला एक जुना सचित्र अंक मी घरी आणला होता. त्यात एका पानावर पाठीला दोन नळकांडी बांधलेला, डोळ्यांवर काच लावलेला माणूस समुद्राखाली पोहत होता. भोवती रंगीत मासे होते, पोवळ्याची झाडं होती, आणि मागे बुडालेल्या जहाजाचं मोडकं सुकाणू दिसत होतं.

नानांनी भिंग लावून ते चित्र अर्धा तास पाहिलं. "इंदू," ते म्हणाले, "हा मनुष्य पाण्याखाली श्वास घेतो आहे. आणि आपण इथे पेन्शन घेतो आहोत."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कोऱ्या कागदावर मथळा पडला : 'समुद्रतळ-दर्शन योजना, सन १९५५.'

त्या दुपारी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तिथे बायकांना खाली जाऊ देतात का?"

नाना मोठ्यांदा हसले. "अगं, तू खाली जाऊन काय करणार? तुझं नाव आहे की यादीत. हे बघ. भवानीबाई, किनाऱ्यावर डबे सांभाळणार. डबे भिजू देऊ नकोस म्हणजे झालं."

आई देठासकट पानं टाकायला लागली, तेव्हा मी ओळखलं की तिला लागलं आहे. आईचं माहेर धरमपुरीचं, घर नर्मदेच्या घाटावर. परकम्मावासी, म्हणजे नर्मदेला प्रदक्षिणा घालणारे लोक, पाण्यात पैसे टाकायचे आणि ती पोरांच्या बरोबरीने बुडी मारून ते काढायची. हे मला तिनेच एकदा सांगितलं होतं, तिला ताप चढला होता तेव्हा. अकराव्या वर्षी लग्न होऊन ती धारला आली, आणि त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत तिला पाणी मिळालं ते तांब्यातून अंगावर घेण्यापुरतं. तिला खाली जायचं होतं. घरात एवढी साधी गोष्ट कुणाला कळत नव्हती, आणि मला कळून मी तरी काय केलं? शाळेच्या वह्या तपासत बसले.

योजना मात्र जोरात पुढे सरकली. मालवणला प्रतापराव नावाचे एक पाणबुडे बुडालेल्या आगबोटीचं भंगार काढतात आणि त्यांच्याकडे चित्रातल्यासारखी नळकांडी आहेत, असा शोध नानांनी सहा पत्रं लिहून लावला. प्रतापरावांचं उत्तर आलं ते एका कार्डावर :

'जरूर यावे. येणाऱ्यास पोहता आले पाहिजे आणि पाण्याखाली पन्नास आकडे मोजेपर्यंत राहता आले पाहिजे. तसा दोन प्रतिष्ठित साक्षीदारांच्या सहीचा दाखला आणावा. दाखला नसेल त्याने किनाऱ्यावर बसून मासे खावेत, इकडे ते उत्तम मिळतात. यावयाचे दिवस कळवावेत.'

नानांना पोहता येत नव्हतं. हे साऱ्या गावाला माहीत होतं, फक्त योजनेत त्याची नोंद नव्हती.

आधी दिवसांचा प्रश्न निघाला. त्यासाठी कृष्णराव आले. हे नानांचे जुने स्नेही, दरबारच्या न्यायखात्यात होते. काखेत पंचांग असल्याशिवाय ते शेजारच्या गल्लीतसुद्धा जात नाहीत. ते बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मोरोपंत, शास्त्र स्पष्ट आहे. पिंपळाला शिवावं शनिवारी आणि समुद्राला शिवावं पर्वणीला. एरवी दोघांनाही दुरून नमस्कार."

"म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या," नाना म्हणाले.

"मधल्या दिवशी समुद्राला बोट लावाल तर दोष आहे. तुम्ही तर सबंध आत जाणार."

दोनशे वर्षांपूर्वी पवारांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज इकडे आले, त्यांनी येताना हा नियम जपून आणला, आणि मग समुद्रच नसलेल्या मुलखात तो दोनशे वर्षं निर्वेध पाळला. मोडायची सोयच नव्हती. आता पहिल्यांदा तो उपयोगी पडतो आहे म्हणून दोघांनाही भरून आलं. कार्तिकी पौर्णिमा आणि त्यापुढची अमावास्या, असे दोन दिवस मुक्रर झाले आणि प्रतापरावांना तीन प्रतींपैकी एक प्रत रवाना झाली.

राहिला दाखला. नानांनी कार्ड पुन्हा वाचलं आणि त्यांच्यातला दप्तरदार जागा झाला. "पाण्याखाली राहता आले पाहिजे, असं म्हटलंय. डोक्यावर काही घालू नये, असं म्हटलेलं नाही."

मग चिंतामणी तांबट आला. त्याचे आजोबा दरबारच्या मुदपाकखान्याची भांडी घडवायचे. चिंतामणी आता बाजारात दुकान चालवतो आणि कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही, हाच त्याचा दोष.

"पंत, तुम्ही बिलकुल फिकर नका करू," तो म्हणाला. "एक मोठा हंडा उलटा करून डोक्यावर बसवू. समोर काच लावून देतो. वरून रबरी नळी, नळीला माझ्या भट्टीचा भाता. मी काठावर बसून हवा मारत राहीन, तुम्ही आरामशीर खाली बसून राहा. पन्नास काय, पाचशे मोजा, भिया!"

हंडा कुठून आणला ते आम्हाला परीक्षेच्या दिवशी कळलं. रविवारी सकाळी मुंज तलावाच्या पायऱ्यांवर चिंतामणीने पोतं उघडलं. आई कोरडं धोतर आणि चहाची किटली घेऊन माझ्याबरोबर आली होती. तिने एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा नानांकडे पाहिलं.

"हा माझा हंडा आहे. माझ्या आईने दिलेला. फळीवरून कधी काढलात?"

"तू कीर्तनाला गेली होतीस तेव्हा," नाना म्हणाले.

"माझ्या हंड्याला खिडकी पाडली?"

"अगं, हे विज्ञान आहे."

खिडकीला नानांच्या निरोपसमारंभाच्या फोटोची काच बसवली होती, लाखेने. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रागाने रडते, दुःखाने रडत नाही. पण चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही ही तिची रीत. ती पायरीवर बसली आणि किटली मांडीवर घट्ट धरली.

नाना लंगोट कसून उभे राहिले. कमरेला पाच-पाच शेरांची दोन वजनं आणि एक लांब दोरी. डोक्यावर हंडा चढला, चामड्याच्या पट्ट्यांनी खांद्याला बांधला गेला. आतून त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला : "कृष्णराव, माझं डोकं पाण्याखाली जाईल तेव्हाच मोजायला लागा. आधी नाही."

ते पायऱ्या उतरले. गुडघे, कंबर, छाती. चिंतामणीचा भाता फसफसत होता. पाणी हंड्याच्या काठाला लागलं आणि इथे विज्ञानाने आपलं खरं मत सांगितलं. हवेने भरलेला हंडा पाण्यात जाईना. वजनं नानांना खाली ओढत होती, हंडा त्यांना वर ओढत होता, आणि मधल्यामध्ये नाना लांब होत होते. शेवटी पट्टे तुटले. हंडा टुणकन वर आला, नळी निसटली, आणि हंड्याची स्वारी डुलत डुलत तलावाच्या मध्याकडे निघाली. नाना दिसेनासे झाले.

"डोकरो डूबी ग्यो रे!" पलीकडच्या घाटावरून एक धोबी ओरडला.

पाणी छातीएवढंच होतं. चिंतामणीने उडी टाकून नानांना पायऱ्यांवर आणून बसवलं आणि दोरी, वजनं सोडली. नाना खोकले, शिंकले आणि पहिला प्रश्न विचारला, "किती झाले?"

"सात," कृष्णराव म्हणाले. त्यांनी जन्मात खोटा आकडा सांगितला नव्हता.

आईचं लक्ष यांच्याकडे नव्हतंच. हंड्याच्या खिडकीची लाख सुटली होती. तो आधी कलला, मग एक मोठा बुडबुडा सोडून गडप झाला. तिथे पाणी चांगलं दोन पुरुष खोल होतं.

तिने किटली माझ्या हातात दिली. नऊवारीचा कासोटा घट्ट केला, पदर कमरेला खोचला, नानांच्या दोरीचं टोक दातांत धरलं आणि पायरीवरून सूर मारला. एवढासुद्धा आवाज झाला नाही. चार हात मारून ती त्या जागी पोचली, श्वास घेतला, आणि गेली खाली.

कृष्णरावांना सवय. तोंडाने आपोआप सुरू झालं, "एक, दोन, तीन..."

वीसपर्यंत आम्ही नुसते बघत होतो. तिसाला चिंतामणीने भाता खाली ठेवला. चाळीस झाले आणि नाना उठून उभे राहिले. पन्नासला कृष्णरावांचा आवाज कापायला लागला, पण ते थांबले नाहीत. नानांनी आईला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती. अगं, ऐकलंस का, यावर पस्तीस वर्षं निभावलेली.

"भवानी!" ते ओरडले. "भवानी! हंडा मरू दे! वर ये गं!"

मीही रडत होते, आणि हातातली किटली कलून चहा पायावर सांडत होता तेही मला कळलं नाही.

"त्र्याहत्तर," कृष्णराव म्हणाले, आणि आई वर आली.

ती हसत होती. मी तिला तशी हसताना त्याआधी कधीही पाहिलेलं नव्हतं. दात दिसत होते, केस सुटले होते, आणि ती काठावर न येता उताणी होऊन पाण्यावर पडून राहिली. "हंड्याच्या गळ्याला गाठ मारली आहे," तिने तिथूनच सांगितलं. "ओढा दोरी. हळू ओढा, काच शिल्लक आहे."

घरी आलो तर दारात टपालवाला. प्रतापरावांचं दुसरं कार्ड. नाना शाल पांघरून शिंकत होते म्हणून मीच वाचलं :

'आपण निवडलेले दोन्ही दिवस निरुपयोगी. पौर्णिमा-अमावास्येस समुद्राला उधाण असते. पाणी गढूळ, ओढ जबर, खाली स्वतःचा हात दिसत नाही. सप्तमी-अष्टमीस यावे, तेव्हा भांगाचे, म्हणजे अल्प भरती-ओहोटीचे, पाणी संथ व स्वच्छ असते. हे इकडे शेंबड्या पोरासही माहीत आहे.'

आता खरा पेच पडला. शास्त्राने दिलेल्या दिवशी समुद्र घेत नव्हता, आणि समुद्राने दिलेल्या दिवशी शास्त्र सोडत नव्हतं.

"मग संपलंच," कृष्णराव म्हणाले. "अष्टमीला समुद्रस्पर्श म्हणजे धडधडीत दोष."

खरं सांगते, नानांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांनी योजनेचे कागद गोळा केले आणि फडताळातलं लाल फडकं काढलं. काश्मीर, पुरी, गिरनार यांच्या शेजारी समुद्राचा तळही बांधला जाणार होता. मी आईकडे पाहिलं. ती दारात केस पुसत उभी होती, आणि मघाचं हसू तिच्या तोंडावरून उतरत चाललं होतं.

"अहो कृष्णराव भावजी," ती म्हणाली. परपुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडत नसे. "आमची नर्मदामाई रोज समुद्राला जाऊन मिळते. ती काय पंचांग बघून जाते? तिला चालतं ते तिच्या लेकीला का चालू नये?"

कृष्णरावांनी पंचांग उघडलं. मागून पुढे आणि पुढून मागे चाळलं. मग मिटून काखेत घातलं.

"वहिनी, याला उत्तर नाही," ते म्हणाले. "मोरोपंत, कागद द्या. मला दाखल्यावर सही करायची आहे. कुणाचं नाव घालायचं ते मला माहीत आहे."

नाना बराच वेळ लाल फडक्याची घडी घालत राहिले. "मी घाबरलो होतो," ते एकदम म्हणाले, आईकडे न बघता. "साठ म्हणाले हे, तेव्हा मला वाटलं, आता डबे कुणाकडे द्यायचे." ते असंच बोलतात. आईला ते बरोबर कळतं.

मग त्यांनी दौत पुढे ओढली, दाखल्यावर दुसरी सही आपली केली आणि यादी नव्याने लिहिली, तीनही प्रतींत, एकेक अक्षर कोरून : 'सौ. भवानीबाई, समुद्राखाली जाणार. मोरोपंत, किनाऱ्यावर डबे सांभाळणार.'

एक प्रत त्यांनी आईच्या हातात दिली. आईला वाचायला वेळ लागतो. तिने बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं, कागदाची घडी केली, खिडकीवाल्या हंड्यात टाकली आणि म्हणाली, "डबे भिजू देऊ नका म्हणजे झालं."